पाखरांसाठी बंदूक उचलणारे डॉ. सलीम अली

रिसोड, (प्रतिनिधी) - सोयाबीनची सोंगणी आटोपली, तूर फुलावर आली आणि तलावांवर पाहुणी बदके उतरू लागली, की राज्यभर पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा, तर १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा जन्मदिन. या दोन तारखांमधील आठवडा राज्य शासनाने २०२० मध्ये पक्ष्यांच्या नावे केला. या दिवसांत शाळाशाळांतून डॉ. अली यांचे छायाचित्र लागते. कृश देह, पांढरी दाढी, गळ्यात दुर्बीण. त्या चित्रात एक वस्तू मात्र नसते. ती म्हणजे बंदूक. बंदुकीवाचून त्यांचे चरित्र पूर्ण होत नाही, आणि त्यांनी स्वतःही ती कधी लपविली नाही.

खेतवाडीतील मुलगा

सलीम मोईजुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १८९६ चा. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील ते एक वर्षाचे असताना गेले, आई तीन वर्षांचे असताना. मुंबईतील खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांनी या पोरक्या भावंडांना वाढविले. मामा शिकारीचे शौकीन. भाच्याच्या हाती त्यांनी खेळण्यातली छर्ऱ्याची बंदूक दिली. घराच्या परिसरात मुलांच्या नेमबाजीच्या स्पर्धा रंगत. त्या सवंगड्यांमधील एक तरबेज नेमबाज म्हणजे दूरचा नातलग इस्कंदर मिर्झा, पुढे पाकिस्तानचा पहिला अध्यक्ष.

१९०८ च्या सुमारास सलीमने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीकडे धाडले. सोसायटीचे मानद चिटणीस डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पक्षी ओळखलाच, शिवाय कपाटे उघडून भुसा भरलेल्या पक्ष्यांचा सारा संग्रह दाखविला. पक्षी सोलून टिकविण्याची विद्याही तेथेच मिळाली. शिकारी पोराचा अभ्यासक होण्याची ही सुरुवात होती.

छर्ऱ्याचे गणित

आजच्या वाचकाला प्रश्न पडेल, की पक्ष्यांचा अभ्यास करण्यासाठी पक्षी मारायचे कशाला? त्या काळी दूरवर पोहोचणारे कॅमेरे नव्हते आणि खिशात मावतील अशी पक्षिचित्रांची पुस्तकेही नव्हती. दोन सारख्या दिसणाऱ्या जातींतील फरक पंखाच्या लांबीत किंवा चोचीच्या मापात असे. तो हातात घेतल्याशिवाय कळत नसे. त्यामुळे नमुना गोळा करणे हाच शास्त्राचा पाया होता.

परंतु नमुना चांगला हवा, तर काडतूस नेमके हवे. आपल्याकडे पीकरक्षणासाठी बारा बोअरची बंदूक परिचित आहे. बोअरचा आकडा जुन्या हिशेबाचा. नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घेतली, तर एका पौंडात अशा जितक्या गोळ्या होतील, तितका बोअर. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. बारा बोअरची नळी सुमारे साडेअठरा मिलिमीटरची, अठ्ठावीस बोअरची चौदाची. 'चारशे दहा' मात्र बोअरचा आकडा नव्हे. ते इंचाच्या हजारांशांत दिलेले नळीचे माप, म्हणजे सव्वादहा ते साडेदहा मिलिमीटर.

बारा बोअरच्या काडतुसात तीस ग्रॅमच्या आसपास छर्रे बसतात. रानडुकराला ते कमी पडतील, पण वटवट्यासारख्या मूठभर पाखराची त्यात पिसेही शिल्लक राहायची नाहीत. म्हणून जगभरचे पक्षिसंग्राहक बारीक नळी, थोडी दारू आणि राईसारखे छर्रे निवडत. अमेरिकी मापाने बारा नंबरचा छर्रा जेमतेम सव्वा मिलिमीटरचा असतो. असे काडतूस सर्व दुकानांत मिळत नसे. मग ते घरीच भरायचे. वापरलेल्या नळकांड्याची जुनी टोपी ठोकून काढायची, तोंड मापात आणायचे, नवी टोपी बसवायची, दारू तोलून ओतायची, वर डाट, मग छर्रे, आणि शेवटी तोंड दुमडायचे. प्रत्येक बोअरला साचा वेगळा. कमी प्रचलित बोअर निवडणाऱ्याला त्याचे साचे, डाट आणि नळकांडी मिळतील की नाही, याचा विचार आधी करावा लागतो. शिवाय काडतूस जितके लहान, तितकी दारूची एखादी चिमूट चूक महाग पडते. पक्षी वाया जातो, किंवा जखमी होऊन झुडपात मरतो. अभ्यासकाच्या दृष्टीने हे दुसरे पाप अधिक मोठे.

पैनगंगेपलीकडचे सर्वेक्षण

तरुणपणी सलीम अली ब्रह्मदेशात तव्हॉय येथे घरच्या खाण आणि लाकूड व्यवसायासाठी गेले. धंदा बुडाला, पण तिथल्या अरण्यांनी नजर तयार केली. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात मार्गदर्शकाची नोकरी मिळाली. पुढे बर्लिनला जाऊन एर्विन श्ट्रेसमान यांच्या हाताखाली त्यांनी शास्त्रशुद्ध शिक्षण घेतले. १९३० मध्ये परतले, तर नोकरीच रद्द झालेली. ते अलिबागजवळच्या किहीमला राहावयास गेले आणि तेथे सुगरणीच्या घरट्यांवर त्यांनी गाजलेला अभ्यास केला. त्या कामासाठी बंदूक लागली नाही, लागला तो केवळ धीर.

नंतर त्यांनी संस्थानिकांपुढे प्रस्ताव ठेवला, की खर्च द्या, मी मेहनताना न घेता पक्ष्यांचे सर्वेक्षण करतो. हैदराबाद संस्थानाचे सर्वेक्षण १९३१-३२ मध्ये झाले. तेव्हा रिसोड वऱ्हाडात होते आणि दक्षिणेकडे पैनगंगेपलीकडचा हिंगोली-परभणीचा मुलूख निजामाचा. मराठवाड्याच्या पक्ष्यांची पद्धतशीर नोंद त्या मोहिमेमुळे झाली. पत्नी तहमिना मुक्कामाची व्यवस्था पाहत. १९३९ मध्ये त्या गेल्या आणि डॉ. अलींचा मोठा आधार तुटला.

नमुना खरा, चिठ्ठीही खरी

मारलेल्या पक्ष्याला किंमत असते ती त्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीमुळे. तारीख, ठिकाण, नर की मादी. १९३७ च्या अफगाणिस्तान मोहिमेत डॉ. अलींचे सहप्रवासी होते रिचर्ड माइनर्टझॅगन. या गृहस्थाने १८८४ पूर्वी खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी मिळविलेला रानपिंगळ्याचा नमुना संग्रहालयातून पळवून, नव्याने भरून, १९१४ साली गुजरातेत आपण मारल्याची खोटी चिठ्ठी लावली होती. या लबाडीने शोधकर्त्यांची दिशाभूल झाली. पामेला रासमुसेन यांनी ती उघडकीस आणली, आणि जुन्या खऱ्या नोंदींच्या आधारे १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला. पुढे तो आपल्या मेळघाटातही आढळला. डॉ. अली तेव्हा हयात नव्हते, परंतु त्यांची शिस्त किती मोलाची, हे या प्रकरणाने दाखविले.

बंदूक खाली ठेवली

छंदापोटी होणाऱ्या कत्तलीचे टोक भरतपूरने पाहिले. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी योजलेल्या एका शिकारीत एकाच दिवशी ४,२७३ पक्षी पडले. त्याच पाणथळीवर डॉ. अलींनी पुढे बारीक जाळी लावून हजारो पक्षी पकडले, पायात कडी घातली आणि सोडून दिले. कडीचा पक्षी परदेशी सापडला, की स्थलांतराचा मार्ग कळे. मेलेल्या पक्ष्याने हे कधीच सांगितले नसते. भरतपूर राष्ट्रीय उद्यान झाले, त्यामागे त्यांचा आग्रह होता.

१९४१ चे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक, डिलन रिप्ले यांच्यासमवेत सिद्ध केलेला दहा खंडांचा ग्रंथ, १९७६ चे पद्मविभूषण, राज्यसभेचे सदस्यत्व, हे सारे सर्वज्ञात आहे. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर पक्षी मारून अभ्यास करण्याचे दिवस सरले, ते योग्यच झाले. आज रिसोडच्या तलावाकाठी दुर्बीण लावणाऱ्या मुलाला बदकाचे नाव पुस्तकात सहज सापडते. ते नाव तेथे येण्यापूर्वी कोणीतरी दारू तोलली होती, छर्रा निवडला होता आणि चिठ्ठीवर खरे तेच लिहिले होते, एवढे त्याला ठाऊक असावे.