डॉक्टर आनंदीबाईंचे परदेशातील बिऱ्हाड

मुलुंडहून आगगाडीने थोडे पुढे गेले म्हणजे कल्याण लागते. तेथील जोशी घराण्यातील यमुना, जी विवाहानंतर आनंदीबाई झाली, तिचा जन्म १८६५ साली झाला. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी पुत्र आणि दहाच दिवसांत त्याचा मृत्यू! या दुःखातूनच वैद्यकी शिकण्याचा निश्चय उपजला. १८८३ साली त्या अमेरिकेस निघाल्या.

प्रथम न्यू जर्सीत कार्पेंटरबाईंनी त्यांस पोटच्या मुलीप्रमाणे ठेवून घेतले. पुढे फिलाडेल्फियास शिक्षण सुरू झाले. तेथेही शाकाहार सुटला नाही. लुगडेही सुटले नाही. कडाक्याच्या थंडीत नऊवारीने पाय उघडे पडत, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. एवढाच काय तो पालट. ज्या भगिनींसाठी विद्या घ्यावयाची, त्यांस परतल्यावर आपण परके वाटू नये, अशीच ही राहणी होती. परतीची तयारी जणू पहिल्या दिवसापासूनच चालली होती.

मात्र शरीर खंगत गेले. मार्च १८८६ मध्ये पदवी मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रीविभागाची जागाही ठरली. क्षयाने ग्रासलेल्या त्या नोव्हेंबरात मुंबईस उतरल्या. परंतु कोल्हापूर दूरच राहिले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. वय बावीसही पुरे नव्हते.

विद्यार्थीमित्रहो, परदेशी जाल तेव्हा जरूर शिका; पण कोणासाठी परतावयाचे आहे, हे आनंदीबाईंप्रमाणे नित्य ध्यानी असू द्या.