४२ परीक्षा देणाऱ्या जिचकारांनी गोडाचं गणित कसं मांडलं होतं?

श्रीकांत जिचकार म्हटलं की डिग्र्यांची यादी सुरू होते. एमबीबीएस, एमडी, मग कायदा, व्यवस्थापन, पत्रकारिता, संस्कृतमध्ये डी.लिट. आणि एमए तर कितीतरी विषयांत. १९७३ ते १९९० या काळात त्यांनी विद्यापीठाच्या ४२ परीक्षा दिल्या. आयपीएस झाले, सोडलं. आयएएस झाले, तेही चार महिन्यांत सोडलं. १९८० मध्ये काटोलमधून आमदार झाले तेव्हा ते पंचविशीत होते. पुढे राज्यमंत्री आणि १९९२ ते १९९८ राज्यसभा.

पण आज लोहारा, उमरगा किंवा लातूरच्या एखाद्या घरात संध्याकाळचं चहा-बिस्किट बंद झालं असेल, तर त्यामागे आमदार जिचकार नाहीत, एमडी असलेले डॉक्टर जिचकार आहेत.

लठ्ठपणावरच्या व्याख्यानांत ते इन्सुलिनबद्दल बोलायचे. मुद्दा साधा होता. आपण काही खाल्लं की इन्सुलिन स्रवतं. ते रक्तातली साखर पेशींमध्ये पोचवतं आणि वाढलेलं असेपर्यंत शरीर साठवलेल्या चरबीला फारसा हात लावत नाही. म्हणजे दिवसभर थोडं थोडं चरत राहिलं, तर चरबी वापरायची वेळच येत नाही. म्हणून काय खाता याइतकंच किती वेळा खाता हेही महत्त्वाचं.

२ जून २००४ ला नागपूरजवळ कोंढाळीत अपघातात जिचकार गेले. वय अवघं ४९.

त्यांचा विचार पुढे नेला डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी. ते लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते. कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांत जेवण संपवायचं. मध्ये पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा काळा चहा. २०१८ च्या सुमारास ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद घराघरांत रंगला, तो यावरूनच. ५५ मिनिटांच्या आकड्यावर सगळ्या डॉक्टरांचं एकमत नाही, हेही सांगायला हवं. जेवणानंतर इन्सुलिन दोन-तीन तासही वाढलेलं राहू शकतं.

आता मेपल सिरप. रील्समध्ये ते ‘नैसर्गिक’ म्हणून लो-कार्बच्या ताटात येऊन बसलंय. कॅनडा-अमेरिकेतल्या मेपल झाडांचा साधारण ४० लिटर रस आटवला की १ लिटर सिरप मिळतं. थोडक्यात, उसाच्या रसाची काकवीच. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे २० ग्रॅममध्ये, सुमारे १३ ग्रॅम कर्बोदकं आणि त्यातली बहुतेक साखरच. थोडं मँगनीज मिळतं, पण त्यासाठी एवढी साखर पोटात घालणं महागात पडतं. कडक लो-कार्बमध्ये दिवसाची मर्यादा २० ते ५० ग्रॅम असते. दोन चमच्यांत निम्मी तरी संपली!

गुळाच्या चहाचंही तेच. साखर बदलून गूळ, गूळ बदलून मध, मध बदलून मेपल असं कितीही केलं, तरी चार वाजताच्या कपाला शरीर इन्सुलिननंच उत्तर देतं. जिचकारांच्या हिशोबात तो कप म्हणजे आणखी एक जेवण.

एक गोष्ट मात्र फॉरवर्डमध्ये गळून पडते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना अचानक दोन जेवणांवर आलं, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. चक्कर, घाम, थरथर ही त्याची लक्षणं. त्यामुळे औषधाचा डोस आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यायचा, जेवणाच्या वेळा नंतर.