तक्त्यांमागचा गणिती : एडगर कॉड

ठाण्यातील वागळे इस्टेटच्या कचेरीत वा डोंबिवलीच्या घरी बसून पीएचपी स्क्रिप्ट लिहिणारा तरुण, क्वेरी काहीच का देत नाही म्हणून डोके धरून बसतो, तेव्हा त्याचे भांडण नकळत एका इंग्रज गणितज्ञाशी चाललेले असते.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड बेटावर १९२३ साली जन्मलेले एडगर कॉड हे सात भावंडांतील शेंडेफळ. ऑक्सफर्डचे शिक्षण, महायुद्धात वैमानिकी आणि मग अमेरिकेत आयबीएमची नोकरी. सिनेटर मॅकार्थींच्या मोहिमेचा संताप येऊन ते १९५३ मध्ये कॅनडाला निघून गेले. काही वर्षांनी परतले. मनस्वीपणा हा स्वभावच होता.

त्या काळी माहिती यंत्रात कोणत्या वाटेने ठेवली आहे, हे प्रोग्रामरला ठाऊक असावे लागे. मांडणी बदलली की प्रोग्राम कोसळे. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, काय हवे एवढेच विचारावे, कसे शोधायचे ते यंत्राने पाहावे, असा विचार कॉड यांनी १९७० च्या शोधनिबंधात मांडला. पण आयबीएमचा जुन्या पद्धतीचा आयएमएस उत्तम खपत होता. कंपनीने चालढकल केली. लॅरी एलिसन यांनी संधी साधली आणि १९७९ मध्ये ओरॅकल बाजारात आले. आयबीएमचे उत्पादन १९८१ मध्ये आले. त्याच वर्षी कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आयबीएममध्येच चेंबरलिन व बॉइस यांनी घडवलेली एसक्यूएल मात्र कॉड यांना कधीच पुरती पटली नाही. एकच ओळ दोनदा असलेला तक्ता त्यांच्या गणितात बसत नव्हता. एसक्यूएल तो चालवून घेते. 'नल' ही कल्पना मात्र त्यांचीच, आणि नवख्याला सर्वाधिक छळणारीही तीच. दूरध्वनी क्रमांक न दिलेले ग्राहक शोधताना रकान्याची नलशी बरोबरच्या चिन्हाने तुलना केली, तर एकही ओळ मिळत नाही. त्रुटीचा संदेशही येत नाही. अज्ञाताशी केलेली तुलना खरी नसते, खोटीही नसते, अज्ञातच राहते. तेथे 'इज नल'च लिहावे लागते. त्याहून फसवे 'नॉट इन'. कल्याणच्या एखाद्या केबलचालकाने बिल न भरलेले ग्राहक मागवले आणि भरणा झालेल्यांच्या यादीत एकच नल शिरला, तर एकही थकबाकीदार दिसणार नाही! अशा वेळी स्क्रिप्ट उसवण्याआधी तीच क्वेरी थेट डेटाबेसवर चालवून पाहावी. दोष कोणाचा ते लगेच कळते.

पुढे तर कॉड यांनी 'माहीत नाही' आणि 'लागूच नाही' असे दोन नल सुचवले. जगाने ते मानले नाही, हे बरेच झाले म्हणायचे.

विक्रेते कोणत्याही मालाला 'रिलेशनल' म्हणू लागले, तेव्हा १९८५ मध्ये त्यांनी कसोटीचे नियम जाहीर केले. १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात त्यांचे निधन झाले.