डोंगर तोच, फोटो पुन्हा: कार्लटन वॉटकिन्सने शिकवलेला बॅकअपचा धडा

मागच्या पावसाळ्यात माझा फोन बंद पडला तो पडलाच. आमच्या गच्चीवरून एक डोंगर दिसतो. तीन वर्षं दर रविवारी मी एकाच जागेवर उभा राहून त्याचे फोटो काढत होतो. हिरवा, पिवळा, ढगात बुडालेला, वणव्यानंतर काळा पडलेला. सगळे फोटो फोनमध्येच होते आणि बॅकअप घेतलेला नव्हता. रिपेअरवाल्याने हात वर केले.

मित्रांनो, त्या दिवसांत मी एका माणसाबद्दल वाचलं आणि वाटलं, आपलं दुःख फारच किरकोळ आहे. त्याचं नाव कार्लटन वॉटकिन्स. जन्म 1829, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात. सोन्याच्या शोधात हजारो लोक कॅलिफोर्नियाकडे धावत होते, त्याच काळात, 1851 मध्ये, तोही तिकडे गेला. सोनं काही मिळालं नाही, पण कॅमेरा हाती लागला.

फोटो काढायचा म्हणजे काय काम होतं!

1861 मध्ये वॉटकिन्स योसेमिटीच्या दरीत पोहोचला. ग्रॅनाइटचे उभे कडे, उंच धबधबे, आणि गाडी जाईल असा रस्ताच नाही. सगळं सामान खेचरांच्या पाठीवर लादलेलं.

एवढं सामान कशाला? कारण तेव्हा लहान निगेटिव्हवरून मोठी आणि चांगली प्रिंट काढणं जवळपास अशक्य होतं. निगेटिव्ह कागदावर ठेवून उन्हात धरायची, म्हणजे जेवढी निगेटिव्ह तेवढाच फोटो. डोंगर मोठा दाखवायचा तर काच मोठी हवी. म्हणून त्याने साधारण 18 बाय 22 इंचांच्या काचा वापरता येतील असा अवाढव्य कॅमेरा वापरला.

आता प्रोसेस बघा. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं. मग ती अंधाऱ्या तंबूत सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची. ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत परत तंबूत नेऊन डेव्हलप करायची. हातात जेमतेम काही मिनिटं. धूळ बसली की काच वाया. एक्सपोजर इतकं लांब असायचं की धबधब्याचं पाणी धुक्यासारखं दिसतं. आज आपण फोनमध्ये लाँग एक्सपोजर मोड लावून मुद्दाम जे करतो, ते त्याला टाळताच येत नव्हतं!

त्या पहिल्या फेरीत त्याने असे 30 मोठे फोटो आणले. शिवाय साधारण 100 स्टीरिओ फोटो, म्हणजे दोन डोळ्यांसाठी दोन फ्रेम. आजच्या व्हीआर हेडसेटचे पणजोबाच म्हणा. 1862 मध्ये ते न्यूयॉर्कमध्ये मांडले गेले. 1864 मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी ही दरी जनतेसाठी राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली. लिंकन स्वतः तिथे कधीच गेले नव्हते. या निर्णयाला वॉटकिन्सच्या फोटोंचा हातभार लागला असं मानलं जातं.

फोटो माझे, पण मालक दुसराच

पुढेही तो योसेमिटीला जात राहिला. तिथल्या एका शिखराला त्याचं नावही मिळालं. सॅन फ्रान्सिस्कोत त्याची स्वतःची गॅलरी झाली. पण हिशोबात तो कच्चा होता. 1875 च्या सुमारास मंदी आली, कर्ज फिटेना, आणि गॅलरीसकट सगळ्या निगेटिव्ह दुसऱ्यांच्या ताब्यात गेल्या. त्यानंतर आयझाया टेबर हा फोटोग्राफर त्याच निगेटिव्हच्या प्रिंट काढून स्वतःच्या नावाने विकू लागला. वॉटकिन्सला काही करता आलं नाही.

मग पन्नाशीकडे झुकलेल्या या माणसाने काय केलं? पुन्हा सामान बांधलं आणि तीच दरी, तेच कडे, तेच धबधबे परत टिपायला निघाला. या फोटोंना त्याने ‘न्यू सिरीज’ असं नाव दिलं. मला इथे खरी गंमत वाटते. जागा तीच, पण फोटो तोच कसा येईल? मधल्या काळात दरीत गाडीरस्ते आले होते, पर्यटक वाढले होते आणि त्याची नजरही बदलली होती. नाइलाजाने केलेल्या कामातून एकाच जागेच्या दोन नोंदी तयार झाल्या.

आणि मग 1906

म्हातारपणी नजर जवळपास गेली. पैसे नव्हते. एका काळात तर तो कुटुंबासह रेल्वेच्या जुन्या डब्यात राहिला. शेवटी त्याचा संग्रह स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे जाण्याची बोलणी सुरू झाली. आणि 18 एप्रिल 1906 ला सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, पाठोपाठ आग लागली. स्टुडिओ, निगेटिव्ह, कागदपत्रं, सगळं जळालं. 1910 मध्ये त्याला नापाच्या मनोरुग्णालयात ठेवलं. तिथेच 1916 मध्ये तो गेला.

त्याच वर्षी 14 वर्षांचा एक मुलगा साधा कोडॅक कॅमेरा घेऊन पहिल्यांदा योसेमिटीला आला. त्याचं नाव अँसल अ‍ॅडम्स. पुढे त्याने आयुष्यभर तीच दरी टिपली.

मग वॉटकिन्सचं काय उरलं?

खूप काही! 2011 मध्ये त्याच्या मोठ्या फोटोंची सूची छापली गेली, त्यात 1,200 हून जास्त फोटो आहेत. कारण विकलेल्या, भेट दिलेल्या प्रिंट ठिकठिकाणच्या लोकांकडे आणि संग्रहालयांत सुखरूप होत्या. जे एका इमारतीत होतं ते गेलं, जे पसरलं होतं ते वाचलं. बॅकअपचं तत्त्व याहून सोपं करून सांगता येणार नाही.

मी आता तीन गोष्टी करतो. फोटो फोनशिवाय आणखी दोन जागी ठेवतो, त्यातली एक घराबाहेरची, म्हणजे क्लाउड. क्लाउडचं अकाउंट माझ्याच नावावर आणि माझ्याच नंबरवर आहे ना, हे तपासतो. आणि वर्षातले आवडते 20 फोटो कागदावर छापून घेतो.

डोंगराचे फोटो परत सुरू केलेत. आता त्यावर एक टॉवर उभा राहिलाय. टॉवर नसलेला डोंगर माझ्याकडे नाही, तो शेजारच्या काकूंकडे आहे. त्यांना मी एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता.

तुम्ही आत्ताच सेटिंग्जमध्ये जा आणि शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेला झालाय ते बघा.