‘बार्शी लाईट’चे शिल्पकार : एव्हरार्ड कॅलथ्रॉप



सोलापूर, धाराशिव, लातूर किंवा सांगली भागातलं कुणी वडीलधारं माणूस घरात असेल, तर त्यांना एकदा ‘बार्शी लाईट’बद्दल विचारून बघा. बहुतेकांच्या चेहऱ्यावर आधी हसू येतं. मग किस्से सुरू होतात. गाडी इतकी हळू, की चालत्या गाडीतून उतरायचं, थोडं पायी चालायचं आणि परत चढायचं! यातलं खरं किती आणि तिखटमीठ किती, ते सोडून देऊ. पण या हसण्यात एक गोष्ट मागे पडली. ‘लाईट’ म्हणजे वजनाला हलकी. ती कशी हलकी करायची, यावर एका इंजिनिअरने आयुष्यातली कितीतरी वर्षं घालवली होती. त्यांचं नाव एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप. आपल्या पाठ्यपुस्तकात हे नाव सहसा येत नाही, म्हणून आज त्यांची ओळख करून घेऊ या.

बालपण आणि शिक्षण

कॅलथ्रॉप यांचा जन्म ३ मार्च १८५७ रोजी इंग्लंडमध्ये एका शेतकरी कुटुंबात झाला. भावंडांत ते थोरले. त्यांचा एक भाऊ, गाय कॅलथ्रॉप, पुढे इंग्लंडमधल्या एका मोठ्या रेल्वेचा जनरल मॅनेजर झाला. शालेय शिक्षण अपिंगहॅमच्या शाळेत झालं. त्यानंतर त्यांनी थेट कारखान्याची वाट धरली. रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या नावाच्या प्रसिद्ध इंजिन कंपनीत काही काळ काम केल्यावर १८७४ मध्ये ते क्रू इथल्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी करायला लागले. १८७९ मध्ये ते ग्रेट वेस्टर्न रेल्वेत गेले आणि १८८२ मध्ये भारतात आले. वय होतं पंचवीस. नोकरी होती ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जी.आय.पी. रेल्वेत, लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टरची. बोरीबंदर ते ठाणे ही १८५३ सालची पहिली गाडी चालवणारी हीच ती कंपनी.

बार्शीची अडचण

मुंबईहून सोलापूरकडे जाणारा मोठा लोहमार्ग १८६० च्या सुमारास तयार झाला होता. पण बार्शी त्यावर नव्हती. भगवंताच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव कापसाची आणि धान्याची मोठी बाजारपेठ होतं. सगळ्यात जवळचं स्टेशन कुर्डुवाडी, तेही सुमारे ३४ किलोमीटरवर. त्या स्टेशनचं नावच मुळी ‘बार्शी रोड’ होतं. नाव बार्शीचं, पण बार्शी गाठायची तर पुढे बैलगाडी! पावसाळ्यात काळ्या मातीत चाकं रुतायची. ज्यांनी ओल्या रानातून गाडी हाकली आहे, त्यांना वेगळं सांगायला नको.

मग मोठी रेल्वेच बार्शीपर्यंत का नेली नाही? कारण पैसा. ब्रॉडगेज म्हणजे १६७६ मिलिमीटर रुंदीचा मार्ग. त्याला रुंद भराव, मजबूत पूल, जड रूळ आणि जास्त जमीन लागते. एका तालुक्याच्या गावासाठी हा खर्च भरून निघणार नाही, असा साधा हिशेब होता. नॅरोगेज स्वस्त पडायची, पण ती म्हणजे खेळण्यातली गाडी, तिच्यावर फार माल जाणार नाही, असा समज होता.

कॅलथ्रॉप यांना हा समज पटत नव्हता. मोठ्या रेल्वेला गावोगावचा माल आणि माणसं आणून देणाऱ्या छोट्या शाखा हव्यात, त्याशिवाय आतल्या मुलखाचा विकास होणार नाही, असं त्यांचं मत होतं. १८८७ च्या सुमारास त्यांनी बार्शीच्या रेल्वेचा प्रस्ताव पुढे केला. पण मंजुरी, करार आणि भांडवल यांत वर्षांमागून वर्षं गेली. मधल्या काळात त्यांची जी.आय.पी.मधली नोकरी सुटली. इंग्लंडला परतून ते सल्लागार इंजिनिअर म्हणून काम करू लागले. बार्शीचा नाद मात्र सोडला नाही. अखेर १८९५ मध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी राहिली आणि तिचे सल्लागार इंजिनिअर तेच होते.

इथे मुलांना दुसरी बाजूही सांगायला हवी. ही काही धर्मादाय संस्था नव्हती. कंपनी लंडनची, भांडवलदारांना नफा हवा होता आणि कॅलथ्रॉप यांनाही या रेल्वेतून व्यवसाय उभा करायचा होता. तरीही स्वस्तात करायचं म्हणून त्यांनी काम कसंतरी उरकलं नाही, हे महत्त्वाचं.

पाच टनांचा नियम

आता येतो खरा विज्ञानाचा आणि गणिताचा भाग.

रूळ किती जाड हवा, हे पूर्ण गाडीच्या वजनावर ठरत नाही. एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, किती वजन येतं त्यावर ठरतं. आपण रस्त्यावर बघतो, फार जड माल नेणाऱ्या ट्रकला पुष्कळ चाकं असतात. कारण तेच. पालखीचंही तसंच आहे. खांदे वाढले की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा भार कमी होतो.

कॅलथ्रॉप यांनी नियम ठरवला, की कुठल्याही एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही. डबा असो, वाघीण असो की इंजिन, सगळ्यांना हाच नियम. वाघिणीला ४ आस दिले, की माल धरून तिचं वजन २० टनांपर्यंत चालतं. इंजिनाला ६ आस दिले, की ते ३० टनांपर्यंत जाऊ शकतं. बार्शीची पहिली इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीने बनवली. त्यांना ओढणारी ८ चाकं होती आणि मागे आधाराची ४. म्हणजे १२ चाकं, ६ आस.

यामुळे झालं काय, तर रूळ अगदी हलके चालले. एका यार्डाला ३० पौंड, म्हणजे आपल्या मापात मीटरला साधारण १५ किलो. दोन रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. ब्रॉडगेजच्या निम्म्याहूनही कमी! वाघिणींचे सांगाडे लाकडी न करता दाबून घडवलेल्या पोलादाचे केले. त्यामुळे वाघिणीचं स्वतःचं वजन घटलं आणि तेवढा माल जास्त भरता आला.

गाड्या भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे खास रूळ टाकून त्यांची चाचणी घेतली. आधी करून दाखवायचं आणि मगच लोकांना पटवायचं, ही त्यांची पद्धत होती.

बार्शीहून पंढरपूर, लातूर, मिरज

१८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही गाडी सुरू झाली. पुढे मार्ग वाढत गेला. १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून गाडी पंढरपूरला पोचली. आषाढी-कार्तिकीला लांबून येणाऱ्या वारकऱ्यांची मोठी सोय झाली. १९११ मध्ये दुसरं टोक लातूरला गेलं. तेव्हा लातूर निजामाच्या राज्यात होतं, म्हणजे ही छोटी गाडी दोन राजवटींच्या बाजारपेठा जोडत होती. १९२७ मध्ये पंढरपूर ते मिरज मार्गही झाला. सगळं मिळून सुमारे ३२५ किलोमीटरचं जाळं तयार झालं. एका बाजारगावासाठी आखलेल्या ३४ किलोमीटरच्या मार्गाचं हे वाढलेलं रूप.

आणखी एक गंमत मुलांना जरूर सांगा. एरवी नवी कल्पना इंग्लंडमध्ये निघायची आणि मग भारतात यायची. इथे उलट झालं. बार्शीचा अनुभव घेऊन कॅलथ्रॉप यांनी इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली ही अडीच फुटी रेल्वे उभारली. ती १९०४ मध्ये सुरू झाली. तिथल्या इंजिनांवर आणि डब्यांवर बार्शीची छाप स्पष्ट दिसायची. त्या रेल्वेत मोठ्या मार्गाची आख्खी वाघीणच उचलून नेणाऱ्या छोट्या गाड्या होत्या, त्यामुळे माल उतरवून पुन्हा भरायचा त्रास वाचला. तिथल्या दोन इंजिनांपैकी एकाला कॅलथ्रॉप यांचंच नाव दिलं होतं.

रुळावरून आकाशाकडे

कॅलथ्रॉप यांच्या आयुष्याचा पुढचा भाग ऐकून मुलं नक्की चकित होतील. १९१० मध्ये त्यांचे मित्र चार्ल्स रोल्स विमान अपघातात गेले. रोल्स-रॉइस या नावातले रोल्स ते हेच. या घटनेनंतर कॅलथ्रॉप यांच्या मनाने एकच घेतलं. वैमानिकाला जीव वाचवायला काहीतरी साधन हवं. पन्नाशी उलटलेल्या या रेल्वे इंजिनिअरने पॅराशूट बनवायला घेतलं. त्याचं नाव ठेवलं ‘गार्डियन एंजल’, म्हणजे रक्षण करणारा देवदूत.

तेव्हा पहिलं महायुद्ध सुरू होतं आणि जळत्या विमानांतून वैमानिक मरत होते. तरीही ब्रिटिश विमानदलाने हे पॅराशूट वैमानिकांना दिलं नाही. वजन जास्त आहे, जागा फार घेतं, अशी कारणं होती. वैमानिक लढायचं सोडून उडी मारतील, अशीही शंका काही वरिष्ठांना होती, असं सांगतात. पॅराशूटमध्ये दोषही होता. ते विमानाला बांधलेल्या दोरीने उघडायचं, आणि दोरी अडकली तर धोका होता. १९१७ मध्ये लंडनच्या टॉवर ब्रिजवरून एका अधिकाऱ्याने या पॅराशूटसह उडी मारून दाखवली, तीही यशस्वी झाली. शत्रूच्या हद्दीत हेर उतरवायला ते वापरलंही गेलं. पण वैमानिकांना ते वेळेत मिळालं नाही. कॅलथ्रॉप यांनी त्यात स्वतःचा पुष्कळ पैसा घातला होता.

३० मार्च १९२७ रोजी त्यांचं निधन झालं. बार्शी लाईट मिरजेला पोचली ते वर्षही हेच.

पुढे काय झालं?

१ जानेवारी १९५४ रोजी सरकारने बार्शी लाईट विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली. रस्ते सुधारले, एस.टी. आली आणि छोटी गाडी मागे पडली. या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाले. आज लातूरहून किंवा मिरजेहून पंढरपूरला जाणारी मोठी गाडी बरीचशी त्याच वाटेने धावते. ती वाट तिथे आहे, कारण सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी छोटी गाडी चालवून दाखवली.

वर्गात काय करता येईल?

१) नकाशावर लातूर, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज ही गावं मुलांना शोधायला आणि जोडायला सांगा.

२) एका आसावर ५ टन चालत असतील, तर २५ टनांच्या गाडीला किमान किती आस आणि किती चाकं लागतील, हे गणित घाला.

३) ओल्या वाळूवर एक वीट आधी उभी आणि मग आडवी ठेवायला सांगा. कधी जास्त रुतते ते मुलं स्वतः बघतील. भार जास्त जागेवर पसरला की काय होतं, हे त्यांना लगेच कळेल.

४) घरातल्या आजी-आजोबांकडून बार्शी लाईटची एक आठवण लिहून आणायला सांगा. त्या प्रवासाच्या आठवणी सांगणारी माणसं आता कमी होत चालली आहेत, तेव्हा हे काम लवकर करावं.

मुलं आठवणी घेऊन आली, की त्यांच्यासोबत हसू या. आणि मग त्यांना विचारू या, की गाडी हळू होती हे खरं, पण ती नसती तर बार्शीचा कापूस आणि लातूरचं धान्य स्टेशनपर्यंत गेलं असतं कसं?