पंडिता रमाबाई व साक्ष देण्याचे सामर्थ्य

घाटंजीच्या बाजारात शेजाऱ्यापाशी प्रभूचे नाव काढावयाचे म्हटले म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांची जीभ अडखळते. आपणांस विद्या नाही, आपले कोण ऐकणार, असे मनात येते. अशा बंधुभगिनींनी पंडिता रमाबाईंच्या चरित्राचे मनन करावे. ह्या बाईंजवळ विद्या अपार होती. तरी साक्षीचे सामर्थ्य विद्येतून येत नाही, हे त्या अनुभवाने शिकल्या.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी ब्राह्मण कुळात झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने रमाबाईंस. पुढे दुष्काळात आई, बाप व थोरली बहीण ही अन्नावाचून मृत्यू पावली. बंधू श्रीनिवास यांजबरोबर बाई पायी देशभर हिंडल्या. १८७८ साली कलकत्त्यास विद्वानांनी त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० साली विवाह झाला व १८८२ साली वैधव्य आले. कन्या मनोरमेस घेऊन त्या इंग्लंडास गेल्या आणि तेथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

स्वदेशी परतल्यावर १८८९ साली त्यांनी मुंबईस शारदा सदन काढले. परंतु काही वर्षांनी त्यांस कळून आले की, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण प्रत्यक्ष ख्रिस्ताचा स्वीकार अद्याप व्हावयाचा आहे. पंडिता म्हणविणारी ही बाई तेव्हा पापी म्हणून प्रभूच्या चरणी लीन झाली व तिला शांती लाभली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतातून अनाथ मुली व विधवा उचलून आणल्या आणि केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले.

१९०५ च्या आरंभी बाईंनी तेथे रोज प्रार्थनेचा नेम सुरू केला. आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगावयास कोण जाईल, असे त्यांनी मुलींस विचारले, तेव्हा तीस जणी पुढे आल्या. बाईंनी त्यांस व्याख्यानाच्या युक्त्या शिकवून लगोलग पाठविले नाही. त्या रोज एकत्र जमून पवित्र आत्म्याचे सामर्थ्य मागू लागल्या. जूनच्या अखेरीस मुक्तीत मोठे उज्जीवन झाले. मुली रडून आपली पापे पदरी घेऊ लागल्या आणि पापक्षमेचा आनंद पावल्या. मग त्यांच्या टोळ्या खेडोपाडी साक्ष देत फिरू लागल्या. ज्या सदनातून त्या निघाल्या, तेथील कितीतरी जणींस दुष्काळाने उपाशी, निराधार व निरक्षर असे आणून सोडले होते!

बाईंनी आपली विद्याही टाकून दिली नाही. ती गरिबांच्या सेवेस लाविली. खेड्यातील बाईस समजेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्र असावे म्हणून, वय झाले असताही, त्या इब्री व ग्रीक भाषा शिकल्या. कित्येक वर्षे भाषांतराचे काम चालले. खिळे जुळविण्यापासून छापण्यापर्यंतची कामे मुक्तीतील स्त्रियांनीच केली. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या, तरी बाईंनी लेखणी खाली ठेविली नाही. काम शेवटास नेऊन ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूजवळ गेल्या.

प्रिय वाचकहो, त्या तीस जणींनी जे मागितले ते मागावयास शाळेचा दाखला लागत नाही. प्रेषितांची कृत्ये १:८ हे वचन आज घरी काढून वाचा. आपल्या मंडळीत दोघे-तिघे मिळून रोज पहाटे गुडघे टेका. प्रथम आपले पाप पदरी घ्या, मग सामर्थ्य मागा, आणि उठून शेजाऱ्याच्या दारी जा.