उधारीची सफरचंदं

लोण्याचा थेंब नाही आणि नाव मात्र बटर. गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघं लेकीकडे ओहायोत होतो. एका रात्री तिनं अडीच किलो सफरचंदं सोलून, चिरून, साखर, दालचिनी, चार लवंगा आणि चिमूटभर मीठ घालून स्लो कुकरमध्ये टाकली आणि सगळे झोपायला गेलो. शिट्टी नाही, रटरट नाही. आत जाड मातीचं भांडं, भोवती विजेची मंद धग, एवढंच ते यंत्र. पहाटे दालचिनीच्या वासानं जाग आली. दहा तासांत फोडींचा विटकरी लगदा झाला होता. लेकीनं तो घोटला, झाकण तिरकं ठेवून आणखी दोन तास वाफ जाऊ दिली, मग चमचाभर बशीत घालून कडेनं पाणी सुटतं का ते पाहिलं. सुटलं नाही, म्हणजे ॲपल बटर तयार.

आमच्या सौभाग्यवतींनी चाखून निकाल दिला की हा तर आटवलेला रस. खरंच आहे ते. त्यांच्या रत्नागिरीकडच्या माहेरी मे महिन्यात आंब्याचा रस आटवायला घेतला की हातावर उडणारे चटके सोसत, आळीपाळीनं कालथा फिरवत घरातली निम्मी माणसं चुलीशी अडकलेली असत. तिकडच्या जुन्या वसाहतवाल्यांचीही हीच तऱ्हा होती. अंगणात तांब्याचा हंडा, त्यात सफरचंदांचा रस उकळून निम्मा करायचा, मग फोडी टाकायच्या आणि लांब दांड्याच्या लाकडी पळीनं दिवसभर ढवळत राहायचं. साखर महाग, म्हणून गोडी रसाचीच. मातीच्या बरण्यांत भरलं की हिवाळ्याची बेगमी झाली.

पण जिथं नुसतं जंगल होतं, तिथं ही सफरचंदं आली कुठून? उत्तर नातीच्या चित्रांच्या पुस्तकात होतं. अनवाणी, दाढीवाला, डोक्यावर टोपीऐवजी पत्र्याचं भांडं घातलेला एक माणूस मुठी भरभरून बिया उधळत चालला आहे. जॉनी ॲपलसीड. तिथल्या प्रत्येक मुलाला हा ठाऊक असतो. मी मात्र बँकेत बरीच वर्षं शेतीकर्जाचं टेबल सांभाळलेलं. मुठीनं बिया उधळून बाग उभी राहते, हे मला पटेना. लेकीच्या गावच्या वाचनालयात जाऊन बसलो.

माणूस खरा होता. नाव जॉन चॅपमन, जन्म २६ सप्टेंबर १७७४, मॅसॅच्युसेट्समधल्या लेमिन्स्टर गावी. बाप स्वातंत्र्ययुद्धात लढत होता आणि १७७६ मध्ये, हा दोन वर्षांचाही नसताना, आई गेली. बापानं दुसरं लग्न केलं आणि त्या घरात दहा मुलं झाली. विशीतला जॉन पश्चिमेकडे निघाला तो पुन्हा तिकडे राहायला म्हणून परतला नाही. लग्नही केलं नाही.

त्याची रीत वाचली आणि माझ्यातला बँकवाला ताठ बसला. पेनसिल्व्हेनियातल्या सायडर गाळणाऱ्या घाण्यांवर चोथा पडलेला असे. त्यातल्या बिया तो धुऊन घेई, म्हणजे कच्चा माल जवळजवळ फुकट. मग वसाहतवाल्यांच्या पुढे एखाद-दोन वर्षं जाऊन, नदीकाठची चांगली जागा हेरून, झाडोरा तोडून बिया लावायच्या. गुरं-हरणं शिरू नयेत म्हणून काट्याकुट्यांचं कुंपण घालायचं आणि अधूनमधून येऊन निगा राखायची. माणसं येऊन पोचेपर्यंत रोपं विक्रीला तयार. शिवाय गिऱ्हाईक पक्कं होतं. ओहायो कंपनीच्या जमिनींवर हक्क टिकवायचा तर तीन वर्षांत सफरचंदाची ५० आणि पीचची २० झाडं लावण्याची अट होती. असा प्रकल्प अहवाल माझ्या टेबलावर आला असता, तर मी डोळे मिटून शिफारस केली असती.

उधळ्या नव्हताच तो. त्यानं जमिनी विकत घेतल्या, काही ९९ वर्षांच्या पट्ट्यानं घेतल्या. मृत्यूच्या वेळी त्याच्या नावावर १२०० एकर असल्याचं सांगतात. आणि हाच माणूस गोणपाटाचा अंगरखा घालून फिरे, लोकांच्या घरी जमिनीवर झोपे, लोकांनी टाकून दिलेले म्हातारे लंगडे घोडे विकत घेऊन त्यांच्या चाऱ्याची सोय करी. स्वीडनबोर्ग या स्वीडिश तत्त्वज्ञाच्या पंथाचा तो अनुयायी. पंथाची पुस्तकं फाडून तो त्यांचे भाग करी, एक भाग या घरी तर पुढचा त्या घरी, आणि फेरीत बदलून देई. फिरतं वाचनालयच म्हणा.

कलम करणं त्याला मान्य नव्हतं. झाडाला सुरी लावणं हे त्याला पाप वाटे. आता सफरचंदाचं बी आणि आंब्याची कोय यांचा स्वभाव सारखाच. हापूसच्या कोयीतून हापूस येईलच असं नाही, येतो तो रायवळ. चॅपमनची सगळी सफरचंदं अशी रायवळ. बहुतेक आंबट, तुरट, खुजी, चावून खाण्याच्या कामाची नव्हेत. ती जायची सायडरला, म्हणजे स्पष्टच सांगायचं तर दारूला, शिवाय व्हिनेगरला, वाळवणाला, डुकरांना आणि त्या अंगणातल्या हंड्यात. नातीच्या पुस्तकात दारूचा उल्लेख नाही, हे ओघानं आलंच. औषधी म्हणून त्यानं एक रानटी शेवंतीसारखं झुडूपही जागोजागी लावलं, असं सांगतात. ते तण म्हणून माजलं आणि शेतकऱ्यांनी त्याच्या नावानं बोटं मोडली. चांगल्या माणसाचे सगळेच बेत चांगले ठरतात असं नाही.

मी अडलो ते वसुलीपाशी. रोपाची किंमत पाच-सहा सेंट. पैसे नसले तर जुना कपडा चाले, मूठभर पीठ चाले. तेही नसलं तर चिठ्ठी लिहून घेई, सवडीनं पैसे देण्याची. १८७१ मध्ये हार्पर्स मासिकात आलेल्या ज्या लेखानं त्याला देशभर प्रसिद्ध केलं, त्यात म्हटलंय की अशा चिठ्ठ्यांचे पैसे मागायला तो बहुधा जातच नसे. मार्च १८४५ मध्ये इंडियानात फोर्ट वेनजवळ तो वारला. त्याच्या मिळकतीचा निवाडा पुढं कित्येक वर्षं चालला आणि बराच भाग कर आणि कोर्टखर्चात गेला. वसूल न झालेल्या चिठ्ठ्यांचा हिशेब कुणी मांडला असेल असं वाटत नाही.

ते वाचलं त्या रात्री झोप लागली नाही. १९८० च्या दशकात मी कोकणातल्या एका लहान शाखेत होतो. एका शेतकऱ्यानं हापूसच्या कलमांसाठी कर्ज घेतलं होतं. चौथ्या वर्षी वणव्यात कलमं जळली. मुदतवाढीचा प्रस्ताव वर पाठवता आला असता, पण त्या वर्षी शाखेची थकबाकी डोळ्यांत येण्याइतकी होती आणि माझी बढती तोंडावर होती. जप्तीची नोटीस घेऊन मी स्वतः गेलो. मे महिना होता. नोटीस हातात देण्याआधीच त्यांच्या घरात पान मांडलं गेलं होतं. अंगणातल्या रायवळचा आटवलेला रस आणि गरम पोळ्या. मी जेवलो आणि मग नोटीस दिली.

त्यांनी पावसाच्या आधी ते रायवळचं झाड तोडून विकलं. त्याच्या फळ्यांच्या आंब्याच्या पेट्या झाल्या, असं नंतर शिपायानं सांगितलं. तीस जूनला मी त्या खात्यावर लाल शाईनं रेघ मारली.

लेकीनं येताना एक बाटली बांधून दिली होती. फ्रिजमध्ये आहे. सौभाग्यवती रोज पोळीला लावून खातात.